सशाला आंघोळ नको, गारवा द्या

उन्हाळ्यात आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत पारा ४५ अंशांच्या वर जातो. मग घरी ससा पाळणारे विचारतात, "डॉक्टर, त्याला रोज आंघोळ घातली तर चालेल का?" माझं मत स्पष्ट आहे. रोज काय, एकदाही घालू नका.

ससा मांजरासारखा अंग चाटून स्वतःच स्वच्छ राहतो. पाण्यात धरला की तो घाबरून धडपडतो. त्या धडपडीत त्याचा नाजूक कणा मोडू शकतो, भीतीने जीवही जाऊ शकतो. शेपटीजवळ घाण चिकटली असेल, तर तेवढाच भाग ओल्या फडक्याने पुसून लगेच कोरडा करा. पावसाळ्यात ही जागा रोज पाहा. तिथे माश्या अंडी घालतात आणि अळ्या जिवंत मांस पोखरतात.

धुवायचा आहे तो पिंजरा. साचलेल्या लघवीच्या उग्र वासाने सशाच्या श्वासनलिकेला त्रास होतो. खाली धानाचं कोरडं तणस पसरा आणि ओलं झालेलं रोज बदला.

मग उन्हाचं काय? सशाला माणसासारखा घाम येत नाही. अंगातली उष्णता तो मुख्यतः कानांतून बाहेर टाकतो, त्यामुळे ३० अंशांपुढेच त्याला जड जातं. टिनाच्या छपराखाली पिंजरा ठेवू नका. घरातल्या गार, हवेशीर खोलीत ठेवा. बर्फ केलेली पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून जवळ ठेवा. ससा धापा टाकू लागला किंवा निपचित पडला, तर कान साध्या पाण्याने ओले करा आणि लगेच पशुवैद्यकाकडे न्या. बर्फाचं पाणी ओतू नका.

सशाचे दात आयुष्यभर वाढतात. ते झिजायला आणि पोट चालू राहायला गवत लागतं. म्हणून मुख्य खाणं गवतच, गाजर चवीपुरतं. मऊ लेंड्या तो स्वतःच खातो, त्यात वावगं काही नाही. मात्र १२ तास काहीच खाल्लं नाही, तर सकाळची वाट पाहू नका. आणि घरातली माणसांची अँटिबायोटिक गोळी कधीही देऊ नका. अमॉक्सिसिलिनसारखं औषध पोटात गेलं, तर सशाच्या आतड्यातले उपयोगी जंतू मरतात आणि ससाही दगावू शकतो.

शेवटी, आपण जंगलाच्या काठावर राहतो म्हणून एक सांगतो. तेंदूपानं तोडताना झुडपाखाली एकटं पिल्लू दिसलं, तर ते अनाथ समजून घरी आणू नका. आई मुद्दाम दूर राहते आणि फक्त दूध पाजायला येते. हा रानससा पाळीव सशाहून वेगळा प्राणी आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे, आणि पिंजऱ्यात तो बहुधा जगतही नाही.

माया जरूर करा, पण सशाला सोसेल अशी करा.