समोरची कड पाहा
बिबवेवाडीच्या भाजीबाजारात सुट्ट्या पैशांत एका बाजूने चंद्रकोरीएवढा तुकडा गेलेला रुपया आला, की कुणीतरी त्याचा भाव हजारांत सांगतो. सांगू द्या. आपण मात्र तुटक्या जागेच्या बरोबर समोरची कड पाहावी. पत्र्यातून चकतीच अर्धवट कापली गेली असेल, तर कड उचलताना समोर दाब कमी पडतो आणि तिथली कडही बहुधा पुसट राहते. कानशीने घासलेल्या नाण्यावर ती ठसठशीत असते, शिवाय कापाजवळ ओरखडे. दहाच्या नाण्याचा गाभा निखळलाय? तो बहुतेक वेळा कुणीतरी ठोकून काढलेला! वर्षाखाली मुंबई टाकसाळीची चौकटीची खूण शाबूत आहे, एवढ्याने काही ठरत नाही. ठोकाठोक नंतरचीही असू शकते.