बारा चेंडूंचा निकाल

पालघर जिल्ह्याचे मुख्यालय कोळगावला आहे. जिल्ह्याच्या एका बाजूला वसई-विरारची गजबजलेली शहरे, तर दुसऱ्या बाजूला जव्हार-मोखाड्याचे डोंगर. अशा जिल्ह्याचा शालेय क्रिकेट संघ निवडायचा असला, म्हणजे दूरदूरची मुले एका मैदानावर जमतात. मुले पुष्कळ आणि दिवस एकच. मग प्रत्येक गोलंदाजाच्या वाट्याला दोन षटके, म्हणजे बारा चेंडू येतात. अशा कोणत्याही चाचणीत, मग ती कोळगावला असो वा कोल्हापूरला, ज्याला बळी मिळाला त्याच्याकडे सर्वांचे लक्ष जाते. ज्याला मिळाला नाही, तो पिशवी उचलून एस.टी.च्या थांब्याकडे वळतो. बारा चेंडूंत मिळालेल्या बळींवरून गोलंदाजाचे भवितव्य ठरवणे अशास्त्रीय आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. ते का, हे तुम्ही घरीच पडताळून पाहू शकता.

दोन फासे घ्या. दोन्हींवर एकाच वेळी सहा पडले, की बळी मिळाला असे समजा. ३६ फेकींत सरासरी एकदा असे घडते. हा झाला आपला चांगला गोलंदाज. दुसरा गोलंदाज त्याच्या निम्म्या कुवतीचा घेऊ. त्याच्यासाठी दोन सहा पडल्यावर नाणेही उडवायचे आणि छाप आला तरच बळी धरायचा. आता दोघांच्या बारा-बारा फेकी करा आणि हा खेळ पुन्हापुन्हा खेळा. गणिताने येणारे उत्तर असे आहे : अशा १०० चाचण्यांपैकी सुमारे ६४ चाचण्यांत दोघांचे बळी सारखेच असतील, बहुधा शून्यच. सुमारे ११ चाचण्यांत कमी कुवतीचा पुढे जाईल. चांगला गोलंदाज पुढे दिसेल तो फक्त २५ चाचण्यांत! हेच फासे १२०० वेळा टाकले, तर मात्र उलटा निकाल शंभरात जेमतेम एकदा लागेल. फासे तेच, कुवतही तीच. फरक आहे तो नोंदींच्या संख्येचा.

याचा प्रत्यय खुद्द पालघरच्या एका खेळाडूच्या कारकिर्दीत येतो. शार्दूल ठाकूर शाळकरी वयात पालघरहून आगगाडीने मुंबईला खेळायला जात असे. नोव्हेंबर २०१२ मध्ये जयपूरला तो मुंबईकडून पहिला रणजी सामना खेळला. पहिल्या चार सामन्यांत त्याला एकेका बळीसाठी सरासरी ८२ धावा मोजाव्या लागल्या. त्याच गोलंदाजाने २०१४-१५ च्या रणजी हंगामात ४८ बळी घेतले, तेही प्रत्येकी २१ पेक्षा कमी धावांत. २०१८ मध्ये हैदराबादला पहिल्या कसोटीत तो अवघे १० चेंडू टाकून जायबंदी झाला. पुढची कसोटी त्याला जानेवारी २०२१ मध्ये ब्रिस्बेनला मिळाली आणि तीत त्याने ७ बळी टिपले.

पण येथे सावध राहिले पाहिजे. एका शार्दूलवरून काहीच सिद्ध होत नाही. शिवाय त्या दोन वर्षांत तो शिकला, सुधारला, हेही खरेच. चार सामन्यांनंतर ज्यांना वगळले आणि पुन्हा बोलावलेच नाही, त्यांच्यापैकी किती जण पुढे चमकले असते? त्याची नोंद कोठेच नसते. निवडलेल्या मुलाबाबत झालेली चूक मैदानावर उघडी पडते. परत पाठवलेल्या मुलाबाबतची चूक कधीच कळत नाही. म्हणूनच निवड करणाऱ्यांना आपली पद्धत बरोबर आहे असे वाटत राहते.

यावर निवड करणारे शिक्षक विचारतील, "प्रत्येक मुलाला १२०० चेंडू द्यायचे कोठून?" प्रश्न रास्त आहे. त्याचे एक उत्तर बेसबॉलच्या खेळात सापडते. अमेरिकेत मोठ्या संघांच्या हाताखाली दुय्यम लीगचे संघ असतात. तेथे सामन्याच्या अखेरीस येऊन थोडेच चेंडू फेकणारा बदली पिचर असतो. त्याला वरच्या संघात घ्यावे की नाही, हा तिकडचा नेहमीचा पेच. त्याने दिलेल्या धावा मोजाव्यात, तर एका वाईट दिवसाने सारी सरासरी बिघडते. २००१ च्या सुमारास व्होरोस मॅक्रॅकन या अभ्यासकाने आकडेवारीच्या आधारे एक गोष्ट पुढे आणली. टोलवलेला चेंडू मैदानातच राहिला, तर त्यावर फलंदाज बाद होतो की निसटतो, हे बरेचसे क्षेत्ररक्षकांवर आणि योगायोगावर अवलंबून असते. पिचरने किती जणांना चकवून बाद केले आणि किती जणांना स्वैर माऱ्यामुळे फुकट बेस दिला, हे आकडे त्याच्या कुवतीविषयी अधिक सांगतात.

क्रिकेटमध्येही हे तत्त्व वापरता येईल. बळी ही विरळा घटना आहे. शिवाय झेल सुटला तर तोही हातचा जातो. चेंडूचा टप्पा मात्र प्रत्येक चेंडूला मोजता येतो. खेळपट्टीवर चुन्याने एक चौकोन आखा. समजा, चांगला गोलंदाज तीन चेंडूंपैकी सरासरी दोन त्या चौकोनात टाकतो आणि दुसरा एकच. मग त्याच बारा चेंडूंत चांगला गोलंदाज शंभरात नव्वदहून अधिक वेळा पुढे दिसेल. कोठे २५ आणि कोठे ९०! चेंडू एकही वाढवला नाही. फक्त काय मोजायचे ते बदलले.

टप्पा म्हणजे सारी गोलंदाजी नव्हे, हे मान्य. वेग, स्विंग, फिरकी, चुकलेली बॅट, वाइड चेंडू यांचीही नोंद हवी. मुरलेल्या प्रशिक्षकाची नजर मनगट आणि धाव पाहून जे ओळखते, ते वहीत मावणार नाही. पण ती नजरसुद्धा एका उडालेल्या यष्टीने दिपून जाऊ शकते. शिवाय चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाची उंची आणि ताकद अजून वाढत असते. म्हणून चाचणी एकाऐवजी दोन दिवशी घ्यावी, नोंदी शाळेत जपून ठेवाव्यात आणि वगळलेल्या मुलाला पुढच्या वर्षी त्या नोंदींसह पुन्हा बोलवावे. याला पैसा फारसा लागत नाही. चुना, वही आणि पेन्सिल पुरते.

विद्यार्थिमित्रांनो, हे काम तुम्हीच सुरू करा. सरावाच्या वेळी एकाने यष्टीमागे वही घेऊन बसावे आणि प्रत्येक चेंडूचा टप्पा टिपावा. महिनाभरात प्रत्येकाचे शेकडो चेंडू नोंदले जातील. मग ती वही घेऊन तुमच्या क्रीडाशिक्षकांकडे जा. मोखाड्याहून पहाटे निघालेल्या मुलाला बारा चेंडूंनंतर "नाही" म्हणायचेच असेल, तर निदान त्या नकारामागे भक्कम नोंद असावी.