चुलीपाशी उभे राहण्याविषयी

वसतिगृहातून बाहेर पडणाऱ्या मुलाने शिक्षक व्हावे, पोलिसांत भरती व्हावे, जमल्यास स्पर्धा परीक्षा द्यावी, एवढ्याच वाटा आमच्या पालकांना परिचित आहेत. कोणी शेफ होण्याची इच्छा बोलून दाखवली की घरी प्रश्न येतो, ‘एवढे शिकवले ते आचारी होण्यासाठी काय?’ या प्रश्नामागची सल आम्ही जाणतो. ज्या समाजाला १९२७ साली महाडला पाण्याच्या ओंजळीसाठी सत्याग्रह करावा लागला, त्याला दुसऱ्याचे अन्न रांधणे ही चाकरीच वाटणार.

तरीही आमचे मत निराळे आहे. आमचे हात शेतात चालले, गिरणीत चालले. रांधणारे हात मात्र जात पाहून निवडले गेले. २०१७ साली पुण्यासारख्या शहरात, सोवळ्याच्या स्वयंपाकासाठी जात लपवली म्हणून एका स्वयंपाकीणबाईंविरुद्ध पोलिसांत तक्रार झाली. अशा समाजात रीतसर शिक्षण घेऊन मोठ्या हॉटेलच्या मुदपाकखान्यात उभे राहणे आम्हाला क्षुल्लक वाटत नाही.

वाट अवघडही नाही. दहावीनंतर आयटीआयमध्ये फूड प्रॉडक्शनचा एक वर्षाचा अभ्यासक्रम असतो. बारावीनंतर पदवी घेता येते. दादरची संस्था १९५४ पासून हे शिक्षण देत आहे. केंद्रीय संस्थांत प्रवेश राष्ट्रीय परीक्षेने होतो, अनुसूचित जातींसाठी राखीव जागा असतात, पण बारावीला इंग्रजी विषय हवा. खासगी संस्थेत फी भरण्याआधी पालकांनी तिथले स्वयंपाकघर पाहावे. एका शेगडीमागे किती मुले, हे मोजले तरी पुष्कळ कळते.

नोकरी ‘कॉमी’ या सर्वांत खालच्या पायरीवर सुरू होते. पोतेभर कांदा सोलणे, भाज्या एका मापात चिरणे, दहा-बारा तास उभे राहणे आणि हाती तुटपुंजा पगार. सहा डिसेंबरलाही सुट्टी मिळेलच असे नाही. पुष्कळ मुले पहिल्या वर्षातच सोडून येतात. हे त्यांना आधीच सांगितले पाहिजे. जे टिकतात ते शेफ द पार्टी, सू शेफ अशा पायऱ्या चढतात. मद्य-मांसाचा व्यवहार सम्यक आजीविकेत कसा बसेल, असे काही उपासक विचारतात. प्रश्न रास्त आहे. ज्याला तो बोचतो त्याच्यासाठी बेकरी आणि मिठाईचे विभाग आहेत.

शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या ग्रंथाने मराठवाड्यातील आपल्या आज्यांचे खाणे पुस्तकात आणले. ते हॉटेलांच्या मेनूकार्डावर फारसे दिसत नाही. तिथे ते कोण नेणार?

हॉटेलांत काम करणाऱ्या माजी विद्यार्थ्यांना आमची एकच विनंती आहे. सुऱ्यांचा संच, पांढरा कोट आणि न घसरणारे बूट हा खर्च मुलाला पहिल्या पगाराआधी करावा लागतो. दरवर्षी दोन मुलांचा एवढा भार माजी विद्यार्थी संघाने उचलावा.