सावकाश, निधानवागी!

ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर चतुर्भुज मंदिर आहे. तिथल्या इ. स. ८७६ च्या शिलालेखात २७० आणि ५० हे आकडे शून्यासह कोरलेले आहेत. युनिक्स संगणकाचे घड्याळही शून्यापासूनच सुरू होते. १ जानेवारी १९७० ची ग्रीनिचची मध्यरात्र, म्हणजे आपले पहाटेचे साडेपाच, हे त्याचे शून्य. तेव्हापासूनचे सेकंद ते मोजत असते.

माझी भाची ग्वाल्हेरच्या एका रुग्णालयात संगणक सांभाळते. तिचा फोन आला, ‘‘मामा, सर्व्हरचं घड्याळ बारा मिनिटं पुढे गेलंय. साहेब म्हणतात, लगेच मागे घे.’’

‘‘थांब, घाई नको,’’ मी म्हटले.

भिंतीवरचे घड्याळ मागे घेतल्याने कुणाचे काही बिघडत नाही. सर्व्हरचे तसे नाही. नर्सने औषध दिल्याची नोंद १०.०५ ला झाली. मग काटा मागे आला आणि डॉक्टरांनी तेच औषध बंद केल्याची नोंद ९.५६ ची पडली. म्हणजे कागदोपत्री बंद केलेले औषध नंतर दिले गेले! त्यावरून उद्या कुणाची तरी नोकरी जायची.

पहिली गोष्ट, फरक नेमका किती ते पाहावे. तो बरोबर साडेपाच तासांचा असेल तर बहुधा घड्याळ ठीक असते, कालविभाग चुकीचा निवडलेला असतो. फरक सेकंदाच्या आतबाहेर असेल तर एनटीपी ही व्यवस्था घड्याळाची चालच किंचित मंद किंवा जलद करते. वेळ उलटी जात नाही. मात्र या रीतीने एक सेकंद भरून काढायला सुमारे ३३ मिनिटे लागतात. बारा मिनिटांना सोळा दिवसांहून जास्त!

म्हणून तिला सांगितले, ‘‘रात्री काम कमी असताना कर. आधी बॅकअप घे. वॉर्डात कळव, तेवढा वेळ नोंदी वहीत लिहू देत. डेटाबेस आणि सगळे प्रोग्रॅम बंद कर, मग वेळ बरोबर लाव. पण लगेच सुरू करू नकोस. शेवटच्या नोंदीची वेळ खऱ्या घड्याळात उलटून जाऊ दे. पंधरा मिनिटं चहा पी.’’

त्यानंतर मदरबोर्डवरच्या सेलच्या घड्याळातही तीच वेळ लिहावी, नाहीतर मशीन पुन्हा चालू होताना जुनी चूक परत येऊ शकते. शिवाय एनटीपी कायम चालू ठेवावे. दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा आण्विक घड्याळांवर भारतीय प्रमाणवेळ राखते. तिच्याशी जुळते ठेवले की एवढा फरक साचतच नाही.

आपल्याकडच्या पतसंस्था आणि दूध संघांतही असेच सर्व्हर आहेत. मराठीत निधान म्हणजे ठेवा, कानडीत निधान म्हणजे सावकाशी. घड्याळाच्या बाबतीत दोन्ही अर्थ खरे.