तटस्थांची २०५ मतं

११ मे १९९३ रोजी लोकसभेत सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती व्ही. रामस्वामी यांना पदावरून दूर करण्याच्या ठरावावर मतदान झालं. ठरावाच्या बाजूने १९६ मतं पडली. विरोधात एकही पडलं नाही. आणि ठराव नामंजूर झाला.

हे कोडं नाही, साधं गणित आहे. संविधानाच्या कलम १२४(४) प्रमाणे न्यायाधीशाला हटवायचं तर सभागृहाच्या एकूण सदस्यसंख्येचं बहुमत लागतं, शिवाय हजर राहून मतदान करणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश मतं लागतात. दुसरी अट त्या दिवशी शंभर टक्के पूर्ण झाली. पहिली झाली नाही, कारण सभागृहात बसलेले २०५ खासदार तटस्थ राहिले. म्हणजे त्यांनी रामस्वामींना वाचवलं, पण वाचवल्याची नोंद कुणाच्याच नावावर झाली नाही. हे बहुतेक सगळे सत्ताधारी काँग्रेस आणि तिच्या मित्रपक्षांचे होते. काँग्रेसने अधिकृत व्हिप काढला नव्हता, सदस्यांनी आपापल्या विवेकाला स्मरून मत द्यावं असं सांगण्यात आलं होतं. आता दोनशे माणसांचा विवेक एकाच मिनिटाला एकाच जागी येऊन थांबतो, याला काय म्हणायचं ते वाचकांनीच ठरवावं.

त्याआधी चौकशी झाली नव्हती असं नाही. न्या. पी. बी. सावंत, मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती पी. डी. देसाई आणि निवृत्त न्या. ओ. चिन्नप्पा रेड्डी या तिघांच्या समितीने १४ पैकी ११ आरोप सिद्ध झाल्याचं म्हटलं होतं. पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती असताना सरकारी निवासस्थानाच्या सजावटीवर केलेल्या खर्चाचे ते आरोप होते. म्हणजे पुरावा होता, निष्कर्ष होता. नव्हता तो फक्त निकाल देण्याचा इरादा.

'तटस्थ' हा आपल्याकडे मोठा मानाचा शब्द आहे. संपादक तटस्थ असतो, न्यायाधीश तटस्थ असतो, समाजशास्त्राच्या वर्गात संशोधकालाही तटस्थ राहायला शिकवतात. शब्दाचा अर्थ तटावर, काठावर उभा असलेला. पाण्यात कोण बुडतंय आणि कोण बुडवतंय याच्याशी ज्याला देणंघेणं नाही तो. गावातल्या विहिरीवर, तळ्यावर काठावर उभं राहण्याची मुभा कुणाला होती आणि कुणाला काठाच्या जवळसुद्धा येऊ दिलं जात नव्हतं, हे महाडनंतर सांगायची गरज पडू नये.

संविधानाच्या तिसऱ्या अनुसूचीतल्या शपथा शेजारी शेजारी ठेवून वाचा. मंत्री शपथ घेतो तेव्हा भय किंवा पक्षपात, ममत्व किंवा आकस न ठेवता सर्वांना न्याय देण्याची ग्वाही देतो. न्यायाधीशाच्या शपथेतही तेच आहे. खासदाराच्या शपथेत मात्र संविधानाशी निष्ठा, देशाचं सार्वभौमत्व आणि कर्तव्याचं पालन एवढंच आहे. पक्षपात न करण्याचा शब्द तो देतच नाही. एरवी ते बरोबरही आहे. प्रतिनिधी हा कुणाचा तरी असायलाच हवा, तो सगळ्यांचा झाला की आपला राहत नाही. पण महाभियोगाच्या दिवशी हाच प्रतिनिधी न्यायनिवाड्याला बसतो आणि त्या दिवसासाठी त्याच्याकडून कुठलीही वेगळी शपथ घेतली जात नाही.

अमेरिकेत ती घेतली जाते. तिथे राष्ट्राध्यक्षावरचा खटला सिनेटसमोर चालतो आणि प्रत्येक सिनेटर निःपक्ष न्याय करण्याची स्वतंत्र शपथ घेतो. तिचा उपयोग काय होतो हे २०१९ च्या डिसेंबरात दिसलं. ट्रम्प यांच्यावरचा खटला सुरू होण्याआधीच बहुमतातल्या रिपब्लिकन पक्षाचे नेते मिच मॅकॉनेल यांनी आपण निःपक्ष नाही असं पत्रकारांसमोर सांगून टाकलं आणि महिन्याभरात शपथही घेतली. पण मला त्याहून बोधप्रद वाटतो तो १८६८ चा खटला. गुलामगिरी संपल्यावर मुक्त झालेल्या काळ्या माणसांना नागरी हक्क देणारा कायदा अँड्र्यू जॉन्सन या राष्ट्राध्यक्षाने नकाराधिकार वापरून अडवला होता, आणि काँग्रेसला तो नकार उलथवून कायदा करावा लागला. खटल्याचं कायदेशीर निमित्त मात्र वेगळं होतं, एका मंत्र्याला बेकायदा काढल्याचं. दोषी ठरवायला एक मत कमी पडलं. ३५ विरुद्ध १९. स्वतःच्या पक्षाविरुद्ध मत देऊन जॉन्सनला वाचवणाऱ्या सात रिपब्लिकन सिनेटरांचं पुढे फार कौतुक झालं. पक्षापेक्षा विवेक मोठा मानणारे म्हणून एकाला तर जॉन केनेडींच्या पुस्तकातही जागा मिळाली. दक्षिणेतल्या शेतांवर नुकत्याच मुक्त झालेल्या माणसांना त्या विवेकाची किंमत काय पडली, याचा हिशेब त्या कौतुकात नसतो. खटला ऐकणाऱ्या सिनेटमध्ये एकही काळा माणूस नव्हता. पहिला आला तो १८७० मध्ये.

आपल्याकडे वळू. पदावर असताना तुरुंगवासाची शिक्षा झालेले उच्च न्यायालयाचे पहिले न्यायाधीश कोण? न्या. सी. एस. कर्णन. दलित. २०११ मध्येच त्यांनी सहकारी न्यायाधीश जातीवरून अपमान करतात अशी तक्रार राष्ट्रीय अनुसूचित जाती आयोगाकडे केली होती. २०१७ च्या जानेवारीत त्यांनी वीस न्यायाधीशांवर भ्रष्टाचाराचे आरोप करणारं पत्र पंतप्रधानांना पाठवलं. सर्वोच्च न्यायालयाने अवमानाची कारवाई स्वतःहून सुरू केली आणि ९ मे २०१७ रोजी सात न्यायाधीशांच्या पीठाने त्यांना सहा महिन्यांची शिक्षा दिली. त्यांची वक्तव्यं छापायलाही माध्यमांना बंदी केली.

कर्णन यांचं सगळं वागणं मला मान्य नाही. त्यांनी काढलेले काही आदेश निव्वळ विचित्र होते, आणि पुढे स्त्रियांविषयी केलेल्या गलिच्छ वक्तव्यांमुळे २०२० मध्ये त्यांना अटक झाली ती योग्यच होती. प्रश्न वेगळा आहे. उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला हटवण्याची कठीण, लांबलचक वाट संविधानाने मुद्दाम ठेवली. नोटीस, तीन जणांची चौकशी समिती, बचावाची संधी, मग दोन्ही सभागृहांत विशेष बहुमत. रामस्वामींना ती सगळी मिळाली. कपिल सिब्बल यांनी लोकसभेसमोर उभं राहून त्यांचा बचाव केला. कर्णन यांच्या बाबतीत कुणी संसदेपर्यंत जाण्याची तसदी घेतली नाही. थेट तुरुंग.

त्या सात जणांच्या पीठात दीपक मिश्रा होते आणि रंजन गोगोईही होते. वर्षभरातच, एप्रिल २०१८ मध्ये, तेव्हा सरन्यायाधीश झालेल्या मिश्रा यांच्याविरुद्ध राज्यसभेच्या ६४ सदस्यांनी नोटीस दिली. पुढाकार घेणाऱ्यांत पुन्हा कपिल सिब्बल. सभापती वेंकय्या नायडू यांनी ती चौकशी समितीकडे न पाठवता काही दिवसांत फेटाळली. पुढच्या एप्रिलमध्ये गोगोई यांच्यावर लैंगिक छळाचा आरोप झाला, तेव्हा शनिवारी बोलावलेल्या खास सुनावणीच्या पीठावर ते स्वतःच जाऊन बसले. २०२० मध्ये ते राज्यसभेचे नामनियुक्त सदस्य झाले. कर्णन यांना निःपक्षपातीपणाने शिक्षा देणाऱ्यांचा हा पुढचा प्रवास आहे.

मी सध्या बोम्मसंद्र्यात राहते, इथल्या औद्योगिक वसाहतीतल्या कंत्राटी कामगारांवर संशोधन करते. भालकीकडचा एक मराठी बोलणारा तरुण मला त्याच्या 'चौकशी'बद्दल सांगत होता. सुपरवायझरशी वाद झाला, दुसऱ्या दिवशी गेटवर त्याचं कार्ड चाललं नाही. आरोप कुणी केला? सुपरवायझरने. ऐकून कुणी घेतलं? कंत्राटदाराच्या माणसाने, जो सुपरवायझरच्याच गावचा. "ताई, त्यांनी मला विचारलंच नाही, नुसतं सांगितलं," तो म्हणाला. ज्याच्या बाजूने कुणी नसतं त्याच्यासाठी प्रक्रिया आखूड होते, हा नियम फक्त कारखान्याच्या गेटवर लागू असतो असं मी मानत होते, असं म्हटलं तर माझ्या विषयाचा अपमान होईल.

आता आपल्या बाजूकडेही बघायला हवं, कारण पक्षपात हा फक्त सवर्णांचा रोग नाही. याच बंगळूरच्या उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती पी. डी. दिनकरन यांच्याविरुद्ध २००९ मध्ये राज्यसभेत नोटीस आली. ते दलित आहेत म्हणून त्यांना लक्ष्य केलं जातंय, असं तेव्हा आपल्यातल्या अनेकांनी म्हटलं. न्यायव्यवस्थेचा इतिहास पाहता तसा संशय येणं रास्तच होतं. पण आरोप काय होता? तमिळनाडूतल्या कावेरीराजपुरम गावात सार्वजनिक आणि भूमिहीनांसाठी राखलेली जमीन बळकावल्याचा. भूमिहीन म्हणजे बहुतेक कोण, हे आपल्यालाच माहीत नसेल तर कुणाला असणार? दिनकरन यांनी जुलै २०११ मध्ये राजीनामा दिला आणि चौकशी अर्धवट राहिली. आरोप खरे की खोटे ते कळलंच नाही. ते कळावं असा आग्रह त्या गावातल्या भूमिहीनांच्या वतीने आपण धरायला हवा होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये राज्यसभेने न्या. सौमित्र सेन यांना हटवण्याचा ठराव १८९ मतांनी मंजूर केला, तेव्हा विरोधात गेला तो बहुजन समाज पक्ष. बाजू मांडली सतीशचंद्र मिश्रा यांनी. पैशाच्या अफरातफरीचं ते प्रकरण होतं. बहुजनांचा त्यात कुठला हितसंबंध होता, हे मला आजवर कुणी समजावून दिलेलं नाही.

एकदाच हे हत्यार नेमकं चाललं. डिसेंबर २०१५ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाचे न्या. जे. बी. पारडीवाला यांनी हार्दिक पटेल प्रकरणाच्या निकालात आरक्षणाला भ्रष्टाचाराच्या बरोबरीने देशाच्या ऱ्हासाचं कारण ठरवलं. राज्यसभेच्या ५८ सदस्यांनी नोटीस दिली आणि त्याच दिवशी ते शेरे निकालातून काढले गेले. शेरे गेले, विचार राहिला. २०२२ मध्ये तेच न्यायमूर्ती सर्वोच्च न्यायालयात पोचले आणि आर्थिक निकषावरच्या दहा टक्के आरक्षणाला हिरवा कंदील देणाऱ्या तिघांत होते. दलित, आदिवासी, ओबीसींमधल्या गरिबांना त्यातून वगळणं त्यांना घटनाबाह्य वाटलं नाही.

डिसेंबर २०२४ मध्ये अलाहाबादचे न्या. शेखरकुमार यादव विश्व हिंदू परिषदेच्या कार्यक्रमात जाऊन बहुसंख्याकांच्या इच्छेने देश चालेल असं बोलले. ५५ राज्यसभा सदस्यांनी नोटीस दिली, ती सह्यांच्या पडताळणीत अडकली. उलट न्या. यशवंत वर्मा यांच्या घरी नोटा सापडल्याच्या प्रकरणात २०२५ मध्ये सत्ताधारी आणि विरोधक दोघांनीही सह्या केल्या आणि ऑगस्टमध्ये लोकसभा अध्यक्षांनी समितीही नेमली. नोटा सगळ्या पक्षांना दिसतात. द्वेष दिसायला मात्र आधी आपण कुठल्या बाकावर बसलोय ते बघावं लागतं. महाराष्ट्रात १० जानेवारी २०२४ ला विधानसभा अध्यक्षांनी न्यायाधीशाच्या भूमिकेत बसून शिवसेनेच्या दोन्ही गटांतल्या एकाही आमदाराला अपात्र ठरवलं नाही, हेही याच जातीचं उदाहरण.

केंद्र सरकारने संसदीय समितीला दिलेल्या माहितीनुसार २०१८ ते २०२२ या काळात उच्च न्यायालयांत नेमलेल्या ५३७ न्यायाधीशांपैकी ७९ टक्के सवर्ण होते. अनुसूचित जातींचे २.८ टक्के, जमातींचे १.३ टक्के. न्यायाधीशांची चौकशी करणाऱ्या समितीत कायद्याने एक सर्वोच्च न्यायालयाचा न्यायाधीश, एक उच्च न्यायालयाचा मुख्य न्यायमूर्ती आणि एक विधिज्ञ लागतो. म्हणजे चौकशी करणारेही त्याच गोतावळ्यातले. १९६८ च्या न्यायाधीश चौकशी कायद्यात या समितीच्या सामाजिक रचनेबद्दल एक अक्षर नाही. ते घालायला हवं, आणि महाभियोगाच्या मतदानाआधी खासदारांना वेगळी शपथही हवी. तटस्थ राहण्याची सोय तर त्या एका मतदानापुरती काढूनच टाका. हो म्हणा किंवा नाही म्हणा, पण नावानिशी म्हणा.

कायद्याप्रमाणे लोकसभेत नोटीस द्यायला शंभर सह्या लागतात. लोकसभेतल्या राखीव जागा अनुसूचित जातींसाठी ८४ आणि जमातींसाठी ४७, मिळून १३१. कुठल्याही पक्षाच्या परवानगीशिवाय हे १३१ जण एखाद्या न्यायाधीशाच्या जातीय किंवा धर्मद्वेष्ट्या वर्तनावर नोटीस देऊ शकतात, तेही एकतीस सह्या शिल्लक ठेवून. पुणे करारानंतर राखीव जागांवरचे उमेदवार पक्षांच्या खिशात जातील, हे बाबासाहेबांनी आयुष्यभर वेगवेगळ्या शब्दांत सांगितलं. पुढचं अधिवेशन सुरू होईल तेव्हा आपापल्या भागातल्या राखीव जागेच्या खासदाराला पत्र लिहून एकच विचारा: शेखरकुमार यादव यांच्याविरुद्ध लोकसभेत नोटीस द्यायची वेळ आली असती, तर तुमची सही असती का?