गोड सुपारीचे काय?

जुलै २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ॲस्पार्टेमला ‘कदाचित कर्करोगकारक’ ठरवले आणि शहरांतल्या डाएट पेयवाल्यांची झोप उडाली. दिवसाला, वजनाच्या दर किलोमागे ४० मिलिग्रॅम ही जुनी मर्यादा मात्र तज्ज्ञ समितीने तेव्हाच कायम ठेवली. असो. गडचिरोली-चंद्रपूरच्या जंगलपट्ट्यात डाएट पेय पितो कोण? आमच्याकडे कृत्रिम गोडवा येतो तो गोड सुपारीच्या पुडीतून. सॅकरीन साखरेहून शेकडो पट गोड आणि स्वस्त. त्याचे मला फारसे भय नाही. भय आहे सुपारीचे. तिला याच संस्थेने २००४ मध्ये पक्क्या कर्करोगकारकांत बसवले. तिथे ‘कदाचित’ नाही! तुरट सुपारी पोराच्या तोंडात रुळावी, एवढ्यासाठी हा गोडवा. मग तेच पोर उद्या पानठेल्यावर तंबाखू-चुना घालून घोटलेल्या खर्‍याची पन्नी मागते. गडचिरोलीत ‘मुक्तिपथ’ २०१६ पासून दारू-तंबाखूशी झुंजते आहे. राज्यात गुटख्याबरोबर सुगंधित सुपारीवरही बंदी आहे, पण धाडीच्या बातम्या वाचाव्यात तर त्या गुटख्याच्याच. पंचनाम्यात आता ही पुडीही दिसू द्या, आणि सुरुवात आश्रमशाळेसमोरच्या दुकानापासून करा.