व्हिडिओ व्हायरल करण्याआधी एक फोन नंबर द्या

कॅप राऊंडमध्ये कॉलेज लागलं की दोन-तीन दिवसांत मुलाचा नंबर कुठल्या ना कुठल्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये पोहोचलेला असतो. ग्रुपचं नाव साधंच, 'फर्स्ट इयर' आणि पुढे ब्रँच. मेस, रूम, जुनी पुस्तकं अशी माहिती येत राहते आणि मुलाला बरं वाटतं. मग एक दिवस कुणी सिनियर लिहितो की प्रत्येकाने इंट्रो टाका, 'सर' लावून, ठरलेल्या नमुन्यात. चुकलं तर पुन्हा. रात्री दीड वाजता व्हिडिओ कॉल. जो उचलणार नाही त्याचं नाव सगळ्यांसमोर, आणि खाली "होस्टेलला आल्यावर बघू." रॅगिंग होस्टेलमध्ये सुरू होतं असं आपण अजून समजतो. ते आता मुलगा घरी अम्मीच्या शेजारी बसलेला असतानाच सुरू होतं.

यूजीसीने २०२५ च्या जुलैमध्ये कॉलेजांना कळवलं की सिनियरांनी असे ग्रुप करून ज्युनियरना मानसिक त्रास देणं हेही रॅगिंगच धरलं जाईल. चांगलं झालं. पण परिपत्रक कॉलेजकडे जातं. उदगीरच्या किंवा मालेगावच्या मुलाकडे ते कोण पोहोचवणार? हे काम आपलं आहे, आणि त्याचं साधन आपल्या खिशात आहे. फक्त आपण ते चुकीच्या वेळी बाहेर काढतो.

२००९ च्या मार्चमध्ये मी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला होतो. ८ मार्चला हिमाचलमधल्या टांडा इथल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात अमन काचरू हा पहिल्या वर्षाचा विद्यार्थी सिनियरांच्या मारहाणीनंतर गेला. टीव्हीवर दिवसभर तेच. आमच्या होस्टेलमध्ये आठवडाभर शांतता होती, मग पुन्हा सुरू. शर्टाच्या तिसऱ्या बटणाकडे नजर, मान खाली, हे सगळ्यांनाच. माझ्यासाठी एक जादा प्रकार होता, "चल, अजान देऊन दाखव." मी दिली. लोळून हसले ते. घरी फोनवर सांगितलं, "सब ठीक है अम्मी."

हे सांगायला सोपं आहे, कारण यात मी पीडित आहे. पुढच्या वर्षी त्याच होस्टेलमध्ये धुळ्याकडच्या एका मुलाला अहिराणीत गाणं म्हणायला लावत होते, आणि मी दारात उभा राहून हसलो होतो. तो आवाज चढवत होता, रडू दाबायला. मला माहीत होतं तो का चढवतोय. तरी हसलो, कारण पहिल्यांदाच मी दाराच्या त्या बाजूला होतो.

यूजीसीने २०१६ मध्ये नियम बदलले आणि धर्म, जात, प्रदेश, भाषा, आर्थिक स्थिती यांवरून दिलेला शारीरिक किंवा मानसिक त्रास, टाळणं किंवा वाळीत टाकणंही रॅगिंगमध्ये घातलं. माझी अजान आणि त्याची अहिराणी, दोन्ही त्यात बसतात. त्या वर्षी हा नियम नव्हता, पण नियम असता तरी आम्ही कुणी बोललो असतो असं मला वाटत नाही. आम्ही दोघंही एकटे होतो. रॅगिंग त्यावरच चालतं.

डॉ. पायल तडवी आठवा. जळगावची मुलगी, तडवी भिल्ल समाजातली, मुंबईत नायर रुग्णालयात स्त्रीरोग विषयाचं पदव्युत्तर शिक्षण घेत होती. २२ मे २०१९ ला तिने आत्महत्या केली. तीन वरिष्ठ डॉक्टरांना अटक झाली. मानसिक छळ आणि जातीवरून हिणवणं असे आरोप होते. व्हॉट्सॲप ग्रुपवरही अपमान व्हायचा आणि आपण आधीच तक्रार केली होती, असं कुटुंबाने सांगितलं. त्यानंतर आपण काय केलं? हॅशटॅग चालवला, डीपी बदलले, मोर्चे निघाले. सगळं योग्य होतं, पण सगळं २२ मे नंतरचं. तिच्या आई आबेदा तडवी नंतर रोहित वेमुलाच्या आईसोबत सर्वोच्च न्यायालयात गेल्या, दुसऱ्यांच्या मुलांसाठी.

व्हायरल व्हिडिओवर माझा विश्वास कमी होत चाललाय. केरळात कोट्टायमच्या सरकारी नर्सिंग कॉलेजमधले व्हिडिओ २०२५ च्या फेब्रुवारीत बाहेर आले तेव्हा तो पुरावा होता, हे खरं. पण त्या मुलाचं किंचाळणं देशभराने जेवताना ऐकलं, त्याला कुणी विचारलं होतं का? आणि आपल्या बाबतीत आणखी एक गोष्ट होते. व्हिडिओत मारणाऱ्यांची नावं मुस्लिम असली की तो रॅगिंगचा व्हिडिओ राहतच नाही, त्याचा दुसराच मजकूर तयार होतो. मार खाणारा मुस्लिम असला की आपलेच ग्रुप छाननी न करता लाल अक्षरात 'कौम पर हमला' लिहून पुढे ढकलतात. मुलाला हवं असतं फक्त की रूम बदलून मिळावी आणि परीक्षा देता यावी. त्याच्या नावावर दंगलीची भाषा सुरू झाली की तो तक्रारच मागे घेतो. सूरह हुजुरातमध्ये एकमेकांची थट्टा करू नका, वाईट नावं ठेवू नका असं आहे. त्याच सूरहमध्ये, थोडं आधी, आलेल्या खबरीची खात्री करून घ्या असंही आहे. आपण पहिला भाग रॅगिंग करणाऱ्यांना ऐकवतो, दुसरा स्वतःला ऐकवत नाही.

आणि रॅगिंग करणारा आपल्या मोहल्ल्यातला असेल तर? त्याला वाचवायला अब्बूंच्या ओळखी काढल्या जातात. जालिम भावाचीही मदत करा, म्हणजे त्याचा हात धरा, ही हदीस आपण जुम्म्याला कितीदा ऐकली आहे. हात धरायचा म्हणजे त्याच्या त्या ग्रुपमध्ये सर्वांसमोर लिहायचं, "बंद कर." सिनियरला ज्युनियर थांबवू शकत नाही, सिनियरचा मित्र थांबवू शकतो.

म्हणून मी म्हणतो, लहान ग्रुप करा. शहरवार नको, तालुकावार. त्यात यंदा ॲडमिशन मिळालेली मुलं आणि त्याच कॉलेजात किंवा त्याच शहरात शिकणारे, नोकरी करणारे तालुक्यातले दोन-तीन भाई. मुस्लिमच हवेत असं नाही. माझ्या तालुक्यातल्या ग्रुपमध्ये सगळे आहेत आणि त्याचा फायदाच झाला, कारण कॉलेजला गेल्यावर तक्रार एका कौमची वाटत नाही. जिथे मुलाच्या मागे कुणीतरी आहे हे दिसतं, तिथे त्याला उठवायला लोक दोनदा विचार करतात.

मुलींची अडचण वेगळी आणि जास्त अवघड आहे. घरातून बाहेर शिकायला जाणारी ती पहिलीच मुलगी असते. त्रास होतोय असं तिने घरी सांगितलं तर उत्तर ठरलेलं, "परत ये, बस झालं शिक्षण." म्हणजे तक्रार केली तर सिनियर सुटतात आणि शिक्षा तिला. ती गप्प का बसते ते यातून समजून घ्या. तिला हवी असते एखादी आपा, जी तिच्याशी बोलेल आणि नंतर तिच्या अम्मीशीही, की कॉलेज बदलायचं नाही, कॉलेजला बदलायला लावायचं.

आता माझ्या धंद्यातलं थोडं. व्हॉट्सॲपच्या प्रायव्हसीत 'ग्रुप्स'मध्ये जाऊन आपल्याला कोण ग्रुपमध्ये घालू शकतं ते 'माय कॉन्टॅक्ट्स'वर ठेवा. सिनियर मेसेज आपोआप गायब होण्याची सोय चालू करतात, २४ तासांत सगळं उडतं, तेव्हा स्क्रीनशॉट लगेच काढा, आणि पाठवणाऱ्याचा पूर्ण नंबर व वेळ दिसेल असा. नुसतं सेव्ह केलेलं नाव पुरत नाही. व्हिडिओ साधा फॉरवर्ड केला तर त्याचा दर्जा कमी होतो आणि मूळ फाइलमधली तारखेची माहिती जाते, म्हणून विश्वासाच्या माणसाला 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. मूळ फोन फॉरमॅट करू नका, विकू नका. नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र द्यायची वेळ आली तर तोच फोन लागतो.

महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून आहे. दोन वर्षांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड, दोषी ठरला की कॉलेजातून काढून टाकणं आणि पाच वर्षं कुठेही प्रवेश नाही. तक्रार आल्यावर प्राचार्यांना सात दिवसांत चौकशी करावी लागते. टाळाटाळ केली तर त्यांनी गुन्ह्याला मदत केली असं मानलं जातं. ही ओळ तक्रारीच्या ईमेलमध्ये शांतपणे लिहा, उत्तर लवकर येतं. देशाची हेल्पलाइन १८००-१८०-५५२२, चोवीस तास. मन फार खचलं असेल तर टेलि-मानस, १४४१६.

माझ्या तालुक्यातल्या ग्रुपला यंदा भाई पुरेसे मिळाले. मुलींसाठी पुण्यात एक आणि छत्रपती संभाजीनगरमध्ये एक अशा दोनच आपा आहेत. मुंबई आणि नागपूरसाठी कुणी नाही. महिन्यातून एक-दोन फोन आणि प्रवेशाच्या दिवसांत थोडे जास्त, एवढंच काम आहे. पुढच्या राऊंडची यादी लागण्याआधी कळवा.